गणसंख्येअभावी

पुण्यातल्या गृहनिर्माण सोसायटीची वार्षिक सर्वसाधारण सभा ठरल्या वेळी सुरू झाली, तर समजावं की पाण्याचा टँकर बंद झालाय. एरवी सचिव, खजिनदार आणि छत गळणारे दोन सभासद एवढेच येतात. गणसंख्येअभावी सभा तहकूब होते, अर्ध्या तासाने तिथेच, त्याच चौघांत पुन्हा भरते आणि या खेपेला गणसंख्येची अट नसते. आदर्श उपविधींतच तशी सोय आहे. उपविधी लिहिणारा स्वतः कुठल्या तरी सोसायटीत राहत असणार.

हळूहळू बाकीचे जमतात. चहा येईपर्यंत काश्मीर, रुपयाची घसरण आणि सिंगापूरची शिस्त हे विषय निकालात निघतात. सिंगापूरला जाऊन आलेले सभासद तिथे रस्त्यावर कागदाचा कपटाही कसा दिसत नाही, हे रंगवून सांगतात. मग सचिव विषयपत्रिकेवरचा ‘ओला आणि सुका कचरा’ वाचून दाखवतात. लगेच तिघांना घरी गॅसवर दूध ठेवल्याचं आठवतं.

घनकचरा व्यवस्थापन नियम आले 2016 साली. ओला, सुका आणि घरगुती घातक कचरा ज्याचा त्याने घरातच वेगळा करायचा, असं त्यांत स्वच्छ म्हटलं होतं. ‘ज्याचा त्याने’ हे शब्द वाचल्यावर सुशिक्षित माणसाला शेजारचा फ्लॅट आठवतो.

प्रत्यक्षात तो वेगळा होतो जिन्याखाली. कचरावेचक बाई बादली पालथी करते आणि चहाच्या चोथ्यातून दुधाची पिशवी, भाताच्या शितांतून दाढीचं ब्लेड बोटांनी बाजूला काढते. शहरातल्या कचरावेचकांची ‘स्वच्छ’ ही सहकारी संस्था 2008 पासून महापालिकेसोबत हे काम करते आहे. वापरलेले डायपर आणि सॅनिटरी पॅड वर्तमानपत्रात गुंडाळून वर लाल ठिपका द्या, म्हणजे पुडी उघडावी लागणार नाही, एवढीच या बायकांची विनंती. पण मुलाच्या गृहपाठातल्या चुकांवर रोज लाल रेघा ओढणाऱ्या घरात नेमकं त्याच वेळी लाल पेन सापडत नाही. ‘मावशी, बघून घ्या ना जरा, तुम्हाला सवय आहे,’ असं दारातून सांगितलं की नागरिकाचं कर्तव्य संपतं. महिन्याचं शुल्क मागितलं तर मात्र ‘आम्ही मिळकतकर भरतो’ हे उत्तर तयार असतं.

प्लॅस्टिकचंही तेच. राज्याने 2018 मध्ये बंदी घातली, पहिल्या गुन्ह्याला पाच हजारांचा दंड ठेवला. बंदीला सगळ्यांचा पाठिंबा होता. ‘पिशवी नाही? मग राहू दे कोथिंबीर,’ म्हणत पाठिंबा पुढच्या गाडीवर गेला.

तर हा सगळा कचरा वर्षानुवर्षं जायचा कुठे? उरुळी देवाची आणि फुरसुंगी या गावांतल्या कचरा डेपोत. तिथल्या विहिरींचं पाणी नासलं, वाऱ्यावर वास गावभर पसरला. कचरा पुण्याचा, नाकं गावकऱ्यांची, अशी ही विभागणी होती आणि शहराची तिच्याबद्दल काडीचीही तक्रार नव्हती. एप्रिल 2017 मध्ये डेपो पेटला. गावकऱ्यांनी गाड्या अडवल्या, त्या तीन आठवड्यांच्या वर. पुणेकरांना आपलाच कचरा सलग इतके दिवस पाहायचा योग आला. चौकाचौकांतले ढीग बघून बुद्धिजीवी वर्ग कळवळला. या लोकांनी शहराला असं वेठीला धरणं बरोबर नाही, जरा सामाजिक जाणीव हवी, असं त्याचं मत पडलं. आपल्या बादलीत काय आहे, हे बघायला तो काही वाकला नाही, पाठदुखी होती.

अखेर मुख्यमंत्र्यांच्या मध्यस्थीने गाड्या सुरू झाल्या. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये अकरा गावं महापालिकेत आली, त्यांत उरुळी देवाची आणि फुरसुंगीही होती. म्हणजे तेव्हा फुरसुंगीकर रीतसर पुणेकर झाले, आणि शहराच्या कचऱ्याबद्दल त्यांनाही जबाबदार धरायची सोय झाली.