विषयांतर कसे करावे : लेकुरवाळ्या प्राध्यापकांसाठी मार्गदर्शिका

वर्गात विषयांतर केलं की विद्यार्थी खूश होतात. नोकरीत केलं की कोणीच होत नाही. वर्गातल्या विषयांतराला दहा मिनिटं पुरतात. नोकरीतल्याला वर्षं लागतात, आणि मध्येच लसीकरणाच्या, स्नेहसंमेलनाच्या आणि पालकसभेच्या तारखा येतात. तरीही स्टाफरूममध्ये दबक्या आवाजात चौकशी करणाऱ्यांची संख्या वाढल्यामुळं ही मार्गदर्शिका काढत आहोत.

मार्गदर्शकाची ओळख : साताऱ्यात पदार्थविज्ञान शिकवतो. पीएचडी थिन फिल्मवर. हे खरं तर सांगायला नको. शिवाजी विद्यापीठाच्या मुलखात पदार्थविज्ञानाचा माणूस थिन फिल्मवाला नसेल तर लोक काळजीनं तब्येत विचारतात. काचपट्टीवर केसाहून कितीतरी पातळ थर चढवण्यात अकरा वर्षं गेली. एकेचाळिसाव्या वर्षी हळदीच्या पेवांच्या इतिहासात पडलो. तेव्हा मुलगी सहा वर्षांची, मुलगा तीनचा. बायको सांगलीत बँकेत, म्हणून मुलंही सांगलीत. मी शनिवारचा पाहुणा.

१. पात्रता

उमेदवाराची नोकरी कायम असावी. सीएचबीवर, म्हणजे तासिका तत्त्वावर, शिकवणाऱ्यांनी विषय बदलण्याच्या फंदात पडू नये. त्यांचं कॉलेज दर जूनला बदलतं, तेवढी विविधता पुरे.

उमेदवाराला किमान एक मूल असावं. ज्याला मूल नाही त्याच्याकडं वेळ असतो, आणि वेळ असला की माणूस जुन्याच विषयात आणखी एक निबंध लिहून मोकळा होतो. रात्री अडीच वाजता खांद्यावर तापलेलं पोर घेऊन येरझाऱ्या घालताना मात्र साधा, सरळ प्रश्न पडतो : आपण हा थर नेमका कुणासाठी चढवतोय?

२. कारण

कारणं दोन ठेवावीत. एक समितीसाठी, एक खरं. समितीसाठी 'आंतरविद्याशाखीय' एवढा एकच शब्द पुरतो. तो न अडखळता उच्चारता येईपर्यंत मुलाखतीला जाऊ नये.

खरं कारण बहुधा सासुरवाडीत सापडतं. माझे सासरे, अण्णा, सांगलीत हळदीच्या अडत दुकानात दिवाणजी होते. एका रविवारी ते आम्हाला हरिपूरला घेऊन गेले. कृष्णा-वारणेच्या संगमावरच्या या गावात जमिनीखाली हळद साठवायची पेवं होती, शेकड्यांनी. तोंड अरुंद, पोट मोठं, खोली दोन पुरुषांहून जास्त. आत पाला अंथरायचा, हळद भरायची, वरून झाकण घालून मातीनं लिंपून टाकायचं. आतला प्राणवायू हळूहळू संपतो, कर्बवायू साठतो, किडा जगत नाही. हळद वर्षानुवर्षं राहते.

अण्णा हे पानाला चुना लावावा इतक्या सहज सांगत होते आणि माझ्या पोटात कालवाकालव होत होती. माझ्या प्रयोगशाळेतला निर्वात पंप आठवड्यातून दोनदा दगा देतो. त्याला वीज लागते, तेल लागतं, वार्षिक देखभालीचा करार लागतो. इथं गावानं फावडं आणि माती घेऊन तेच काम उरकलं होतं, आणि त्यावर एकही निबंध लिहिला नव्हता.

2005च्या महापुरात या पेवांत पाणी शिरलं आणि पुष्कळशी कायमची गेली. 2018 साली सांगलीच्या हळदीला भौगोलिक मानांकन मिळालं, तोवर ती साठवण्याची जुनी जागा मोडकळीला आली होती. मान मिळायला आणि घर पडायला आपल्याकडं एकच मुहूर्त असतो.

३. घरी कळवणे

क्रम चुकवू नये. आधी बायको, मग सासू, मग आई, मग वडील. बायकोला दूध उतू जात असताना सांगू नये. माझी बायको शांतपणे म्हणाली, "कर. फक्त एक सांग, शनिवारचा तू रविवारचा होणार आहेस का?" हा प्रश्न संशोधन आराखड्यात कुठल्याच रकान्यात बसत नाही, म्हणून त्याचं उत्तर आधी शोधावं.

आई म्हणाली, "म्हणजे परत पहिलीपासून?" वडील म्हणाले, "पगार तोच ना?" दोघांनाही 'हो' म्हणावं.

सहकाऱ्यांना शेवटी कळवावं. ते "हळदीवर? लग्न कुणाचं?" असं विचारतील. हसावं. कुणी तरी "पीएचडीचं पेव फुटलंय, आता पेवाचीच पीएचडी" असंही म्हणेल. हा विनोद आपल्यालाही सुचला होता हे त्याला सांगू नये.

४. पूर्वसुरींची नावे

नातेवाइकांसमोर टाकायला दोन-तीन मोठी नावं खिशात ठेवावीत.

पहिलं, दामोदर धर्मानंद कोसंबी. गोव्यात जन्मलेले, हार्वर्डमध्ये शिकलेले गणिती. फर्ग्युसनमध्ये गणित शिकवत. 1940च्या सुमारास त्यांनी जुनी आहत नाणी तराजूत घालायला सुरुवात केली. नाणं हातोहात फिरलं की झिजतं. झीज मोजली की ते किती फिरलं याचा अंदाज येतो. संख्याशास्त्राचा हा प्रश्न सोडवता सोडवता गृहस्थ इतिहासात पोचले, आणि 1956 साली भारतीय इतिहासाच्या अभ्यासाची दिशा बदलणारं पुस्तक लिहून बसले. त्या सुरुवातीच्या काळात घरात दोन मुली होत्या, धाकटी मीरा 1939ची. इतिहासाची पदवी नव्हती. आजच्या नियमांनी त्यांना इतिहासाच्या सहायक प्राध्यापकपदाच्या मुलाखतीचं पत्रसुद्धा गेलं नसतं.

दुसरं, इरावती कर्वे. बर्लिनची पीएचडी माणसाच्या कवटीवर. तिथून नातेसंबंधांच्या समाजशास्त्रावर, आणि शेवटी थेट महाभारतावर. 'युगान्त'ला 1968 साली साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. मुलं तीन. थोरली लेक जाई निंबकर आपल्याच जिल्ह्यात, फलटणला स्थायिक झाल्या, हे सातारकरांना आवर्जून सांगावं. मग विषयाला आपोआप जिल्हा परिषदेची मान्यता मिळाल्यासारखं होतं.

तिसरं, वेंकटरामन रामकृष्णन. 1976 साली पदार्थविज्ञानाची पीएचडी हातात पडली आणि पठ्ठ्या पुन्हा विद्यार्थी होऊन जीवशास्त्राच्या वर्गात जाऊन बसला. घरात पत्नी, तिची लहान मुलगी आणि तान्हं बाळ. 2009 साली रसायनशास्त्राचं नोबेल. म्हणजे शिकले एकात, बसले दुसऱ्यात, बक्षीस तिसऱ्यात. हे उदाहरण सासऱ्यांसमोर जपून वापरावं. अण्णांनी विचारलं होतं, "मग तुमचं कधी?"

यादी करताना एक गोष्ट लक्षात आली, ती इथंच नोंदवतो. यातल्या कुणीच जुना विषय टाकून दिला नव्हता. कोसंबींनी इतिहासात गणित नेलं, कर्वेबाईंनी माणसं मोजायची शिस्त.

५. नियमावली

नव्या विषयात दुसऱ्यांदा पीएचडीची नोंदणी करण्याची हौस असेल त्यांनी यूजीसीचे 2022चे नियम वाचावेत. किमान तीन वर्षं, कमाल सहा. म्हणजे नोंदणीच्या दिवशी बालवाडीत असलेलं मूल प्रबंध जमा होईपर्यंत पाचवीला गेलेलं असतं आणि "बाबा, तुमचं अजून नाही झालं?" असं विचारू शकतं. महिला संशोधकांना मुदतीत दोन वर्षांची सवलत आणि बाळंतपण-बालसंगोपनासाठी 240 दिवसांपर्यंत रजा आहे. पुरुष संशोधकालाही मूल होतं, हे नियमावलीच्या अजून लक्षात आलेलं नाही. पुरुष संशोधकाच्याही कधी कधी लक्षात येत नाही, तो भाग वेगळा.

६. वाचनाचा वेळ

वेळ सापडत नाही; तो रेल्वेत असतो. कोसंबी पुढं टाटा इन्स्टिट्यूटला गेले तेव्हा पुण्याहून डेक्कन क्वीननं जा-ये करत. आमची डेक्कन क्वीन म्हणजे कोयना एक्सप्रेस.

वेळापत्रक : कोरेगाव ते रहिमतपूर, गेल्या आठवड्यात काय वाचलं ते आठवणे. मसूरपर्यंत, न आठवल्यामुळं पुन्हा तेच वाचणे. कराड, चहा. किर्लोस्करवाडीपर्यंत मोडीचा सराव. हळदीच्या जुन्या वह्या मोडीत आहेत, आणि एकेचाळिसाव्या वर्षी नवी लिपी शिकताना सहा वर्षांच्या मुलीची पाटी पाहून धीर येतो. तिचाही 'र' उलटाच पडायचा. भिलवडीपासून पुढं पुस्तक बंद. सांगलीच्या फलाटावर उतरताना हातात कंदी पेढ्यांचा पुडा असावा. ग्रंथ असू नये.

७. मुलांचा सहभाग

मुलांना संशोधनापासून दूर ठेवावं, असं आम्ही मानत होतो. हरिपुरातल्या पडक्या पेवांच्या भिंतींतून मातीचे सहा नमुने आणून, पिशव्यांना चिठ्ठ्या लावून, गच्चीवरच्या खोलीत ठेवले होते. आषाढात बेंदूर आला. शनिवारी पोचलो तर पाटावर मातीचे दोन बैल पुजलेले, शिंगांना हिंगूळ, गळ्यात मण्यांची माळ. नमुना क्रमांक 4 शिल्लक नव्हता. चिठ्ठी बैलाच्या पाठीवर झूल म्हणून घातलेली होती.

मी ओरडणार, तेवढ्यात सासूबाई म्हणाल्या, "अहो, परसातल्या मातीचा तो बैल बघा, वाळून चिरा पडल्यात. तुमच्या मातीचा मात्र चांगला राहिलाय बघा."

मी जवळ जाऊन पाहिलं. परसातल्या बैलाला मानेपासून शेपटापर्यंत तडा. क्रमांक 4चा बैल गुळगुळीत, एक रेघ नाही. अकरा वर्षं मी थराला चिरा का पडतात हेच तर पाहत आलो होतो. खिशातून भिंग काढलं आणि जमिनीवर पालथा पडलो. मुलगा माझ्या पाठीवर बसला. "बाबा, हा आमचा बैल आहे," मुलीनं बजावलं. तिचं बरोबर होतं. एका बैलावरून निष्कर्ष निघत नसतो. पण वहीतली नव्या विषयातली पहिली स्वतःची नोंद त्या दिवशीची आहे, आणि तिच्यात हिंगुळाचा डाग आहे.

८. उतरण्यापूर्वीची दक्षता

शेवटची पायरी हरिपूरच्या एका जुन्या हमालमामांनी सांगितली. हयातभर पेवं भरलेली आणि उपसलेली. मी विचारलं, पेवात उतरायचं कसं?

"उतरायचं न्हाईच आधी," मामा म्हणाले. "झाकण काढायचं आन् लांब बसायचं. आतली हवा वाईट असती. दोनतीन तास जाऊ द्यायचं. मग दोराला कंदील बांधून खाली सोडायचा. कंदील इझला, की त्या दिशी न्हाई उतरायचं. घाई केलेली माणसं वर आल्याली न्हाईत, सर."

"आणि नाही विझला तर?"

"तर उतरायचं. पर वर दोर धरायला आपलं माणूस पायजे. भाड्याचं नको."

आम्ही एका उघड्या, ओस पेवाच्या काठाशी होतो. बायकोनं मुलाचा दंड घट्ट पकडलेला. मामांनी हौसेनं कंदील आणलाच होता. तो पेटवून त्यांनी दोर सोडला. मुलगी माझा शर्ट धरून वाकून पाहत होती. उजेड खाली खाली गेला, भिंतींवर पिवळा फिरला आणि तळाशी टेकला. जळत राहिला.

"बाबा, विझला असता तर काय?"

"तर घरी गेलो असतो."

"आता नाही विझला, तर?"

मी बायकोकडं पाहिलं. तिनं घड्याळाकडं पाहिलं.

"तर उतरणार," ती म्हणाली, "पण उद्या. आज तुझा पाढ्यांचा अभ्यास राहिलाय, आणि दोर मी धरणार आहे."