काळजाचा पत्ता

रविवारी मटणाच्या दुकानात मी नेहमीच्या सुरात म्हणालो, "पाऊण किलो द्या, त्यात थोडं काळीज टाका." शेजारी नववीतली लेक उभी. सोमवारी तिची विज्ञानाची चाचणी.

"बाबा, ते यकृत आहे."

"काळीज म्हणजे हृदय गं."

दुकानदाराने सुरा थांबवला. "ताई बरोबर बोलते, साहेब. कलेजी वेगळी, दिल वेगळं. दिल पाहिजे तर सांगा, एकच उरलंय."

म्हणजे आजवर धस्स झालं की मी ज्या काळजावर हात ठेवत होतो, ते मुळी तिथे नव्हतंच! ते उजव्या बरगड्यांखाली दीड किलोचं बस्तान मांडून पित्त गाळत बसलेलं. डावीकडे झुकलेलं हृदय भरेल पाव किलोहून जरा जास्त. दिवसाला लाखभर ठोके बिचाऱ्याने मारायचे आणि मराठीत नाव मात्र काळजाचं. आमच्या ऑफिसातही हीच पद्धत आहे.

घरी आल्यावर लेकीने मोर्चा आईकडे वळवला. आईला गेली चाळीस वर्षं पित्त होतं.

"आजी, पित्त यकृतात तयार होतं आणि पित्ताशयात साठतं. तेलतुपाचे बारीक थेंब करायला ते लहान आतड्यात उतरतं. तुला जळजळतं ते जठरातलं आम्ल, हायड्रोक्लोरिक."

"ते तुमच्या शाळेत. मला पित्तच होतं." आईने कोकम सरबताचा घोट घेतला. "जिभेला हाड नसतं म्हणतात ते खोटं नाही."

"पण जिभेच्या मुळाशी, गळ्यात असतं ना! घोड्याच्या नालासारखं. दुसऱ्या कुठल्याच हाडाशी त्याचा सांधा नाही."

206 हाडांच्या एकत्र कुटुंबात हे एकटंच वेगळं राहतं, हे ऐकून मला आमचे धाकटे काका आठवले. पण आईसमोर ते नाव काढायची सोय नाही.

एव्हाना माझ्या पोटात कावळे ओरडत होते. रिकाम्या आतड्यांतून हवा आणि पाणी सरकतं त्याचा तो आवाज, अशी त्यांचीही वासलात लागली.

पानं घेतली. आईने रस्स्यातली काळजाची फोड शोधून नातीच्या ताटात घातली. "खा गं, माझ्या काळजाचा तुकडा."

"आजी, काळजाचा तुकडा कापून काढला ना, तरी उरलेलं परत वाढतं!"

"वाढतं ना?" आईने पळी पुन्हा पातेल्यात घातली. "मग ताट पुढे कर."