शालूचा रंग कळवावा, ही विनंती

श्री. 'झालं का?' साहेब यांस,


काल रात्री साडेअकराला आपला मेसेज आला. 'मॅडम, रविवारी हॉलवर फंक्शन आहे. पेंटिंग रेडी असेलच.' पुढे प्रश्नचिन्हसुद्धा नव्हतं. शालूचा रंग अजून आपण कळवलेला नाही, असं मी लिहिलं. त्यावर आपलं उत्तर मिनिटाभरात हजर. एवढी तत्परता मी पहिल्यांदाच पाहिली. 'मग इतके दिवस काय करत होतात? घरीच तर असता ना?'

असते ना. खारदांड्याला, माडीवरच्या एका खोलीत असते. काय करत होते, तेही सांगते. आपली वाट बघत होते.

आठवण करून देते. आईवडिलांच्या लग्नाचा पन्नासावा वाढदिवस म्हणून एप्रिलमध्ये आपण त्यांचा कृष्णधवल फोटो घेऊन आलात. तैलरंगात हवा, दोन बाय तीन फूट, आणि रंगीत. मी लगेच विचारलं, शालू कोणत्या रंगाचा होता? आपण म्हणालात, 'आर्टिस्ट तुम्ही. शोभेल तो टाका.' मग दारात चपला घालता घालता म्हणालात, 'नको, थांबा, विचारून सांगतो.' त्या 'विचारून सांगतो'वर मी अजून बसले आहे. रंगांचे पाच तुकडे कागदावर लावून त्यांचा फोटो पाठवला. निळ्या टिका पडल्या. आठवण केली. निळ्या टिका. दरम्यान आपलं स्टेटस अलिबागला जाऊन कोलंबी खाऊन परत आलं.

आईंनाच का विचारत नाही, असंही मी सुचवलं होतं. 'छे, सरप्राईज आहे!' म्हणजे ज्या एका बाईला तो रंग खात्रीनं माहीत आहे, तिला सोडून अख्ख्या गावाला विचारायचं.

आपल्याला वाटत असेल, रंग काय, शेवटी भरता येतो. साहेब, शालूनं चित्राचा निम्मा भाग व्यापला आहे. त्याची झाक आईंच्या हनुवटीवर पडणार, बाबांच्या पांढऱ्या सदऱ्यावर पडणार. आणि तैलरंग पाण्यासारखा उडून वाळत नाही. त्यातलं जवसाचं तेल हवेतला प्राणवायू घेऊन हळूहळू घट्ट होतं, आणि प्रत्येक रंगाची चाल वेगळी. शालू चॉकलेटी असेल तर बर्न्ट अंबर. त्यात मँगनीज असतं, दोन-तीन दिवसांत हाताला लागेनासा होतो. डाळिंबी असेल तर अलिझरिन क्रिमसन; तो आठवडा उलटला तरी चिकट. त्यावर जरीची किनार घाईनं ओढली तर खालचा रंग वर येऊन पिवळ्यात मिसळतो आणि जरीचा चिखल होतो. वर हा जून. समुद्र हाकेच्या अंतरावर, भिंतीला ओल, कॅनव्हास ढिला. तेव्हा मी आपल्याला नुसता रंग विचारत नव्हते. तारीख विचारत होते.

आमच्या कोळ्यांच्या गल्लीत हे कुणाला समजवावं लागत नाही. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद. होड्या वर ओढून, झाकून ठेवलेल्या आहेत. एरवीही डोल जाळं चालतं ते भरती-ओहोटीच्या ओढीवर. उधाणाला समुद्रात, ओढ मंदावते त्या भांगाला घरी जाळी विणत. भांगाच्या दिवशी 'घरीच तर आहात, अर्जंट दोन टोपल्या बोंबील काढून द्या' असं नाखवाला सांगायला कार्टर रोडवरून अजून कुणी उतरलेलं नाही. सांगून बघा एकदा. शब्दभांडार वाढेल.

'अर्जंट चार्ज घ्या ना' हेही झालं. तो घेऊन मी अलिझरिनला देऊ? आणि आपल्या पुढे जी तीन माणसं आहेत, ज्यांनी विचारल्याबरोबर उत्तरं दिली, त्यांना काय सांगू? जुलैपासून दिवाळी अंकांची कामं सुरू होतील. १९०९ मध्ये 'मनोरंजन'नं दिवाळी अंक काढला आणि मराठी चित्रकारांचा पावसाळा कायमचा गेला. मात्र संपादक निदान कथा तरी पाठवतो. उशिरा, पण पाठवतो.

व्हॉट्सअ‍ॅपवरून आलेल्या चुरगळलेल्या फोटोंबद्दल बोलत नाही. 'भाचीनं मोबाईलवर दोन मिनिटांत केलं' याबद्दल तर नाहीच.

राजा रविवर्म्याला १८८८ मध्ये बडोद्याच्या सयाजीरावांकडून चौदा पौराणिक चित्रांचं काम मिळालं, तेव्हा पात्रांना नेसवायचं काय, या प्रश्नासाठी तो भारतभर हिंडला. गायकवाडांनी त्याला 'घरीच तर असता' म्हटल्याची नोंद नाही. उलट टोकाला लिओनार्दो. मिलानच्या एका धर्मसंघाशी १४८३ मध्ये चित्राचा करार, त्याच वर्षीच्या ८ डिसेंबरची मुदत, आणि पैशांचा शेवटचा हप्ता १५०८ मध्ये. त्याची वकिली मी करत नाही. माझ्याकडे पंचवीस वर्षं नाहीत, घरभाडं आहे.

खरं सांगू? उशीर झाला याचा राग नाही. राग याचा आहे, की आपण गप्प बसलात ते सगळे दिवस माझ्या दिरंगाईत जमा झाले. उत्तर येईल म्हणून मी तो कॅनव्हास इझलवरून उतरवला नाही. दुसरं मोठं काम नाकारलं. त्याचे पैसे बुडाले. आपल्याला एक शब्द टाईप करायचा होता. हिरवा. लाल. काहीही! आणि वर मलाच विचारता, काय करत होतात?

परवा आपल्या बहिणीचा नाशिकहून फोन आला होता, हे बहुधा आपल्याला ठाऊक नाही. त्या म्हणाल्या, मला हिरवा वाटतो, धाकटा जांभळा म्हणतो, आणि दादा काही बोलतच नाही, ग्रुपवर विषय निघाला की गप्प होतो. मग त्याही गप्प झाल्या. तिघं मुलं. पन्नास वर्षं तो फोटो भिंतीवर. जेवताना समोर. आणि तिघांपैकी एकानंही आईला कधी विचारलेलं नाही. तुमच्या निळ्या टिकांचा अर्थ मला तेव्हा लागला. माझा मेसेज उघडून तुम्ही काय बघत बसत असाल, तेही दिसलं. त्या वेळी तरी मला तुमच्यावर चिडता येईना. मग काल साडेअकरा वाजले.

तर आता असं करा. सरप्राईज गेलं खड्ड्यात. आज संध्याकाळी आईंच्या शेजारी बसा आणि विचारा. कदाचित शालू अजून ट्रंकेत असेल. असला तर खिडकीशी धरून, दिवसाउजेडी फोटो काढा. ट्यूबलाइटखाली नको, त्यात डाळिंबी तपकिरी दिसतो. रविवारी हॉलवर मूळ फोटोच मोठा करून लावा, छान दिसेल. चित्राला आता नंबर चौथा. हिरवा निघाला तर जुलैअखेर, डाळिंबी निघाला तर नारळी पौर्णिमा. उरलेली निम्मी रक्कम चित्र नेताना, रोख किंवा यूपीआय.

कळावे, लोभ असावा.

ता. क. 'आईला जरा गोरं करा' ही आपली सूचना वाचली. करणार नाही.