सत्तरचं डिझाइन, म्हणे!

वर्ध्याच्या बजाज चौकात पानठेल्यावर हल्ली जुन्या गाड्यांचे जाणकार फार वाढलेत. 'सत्तरच्या दशकातलं डिझाइन पाहा ना भाऊ, आता तसं होणे नाही!' खरंय. आपल्याकडे तेव्हाही झालं नव्हतं. इटलीत डिझायनर गांदिनी पाचरीसारखी काउंताच गाडी घडवत होता. आपण पन्नासच्या दशकातल्या मॉरिस ऑक्सफर्डची जाळी बदलून 1975 साली अ‍ॅम्बेसेडर मार्क 3 काढली. कुर्ल्याच्या फियाटचं तर नुसतं बारशावर बारसं: 1972 ला प्रेसिडेंट, 1974 ला पद्मिनी. वर्षानुवर्षं नंबर लावून मिळालेली गाडी देखणी दिसणारच म्हणा. एक मात्र मानलं, पुढच्या दाराची तिकोनी काच. मे महिन्यात हिंगणघाटच्या रस्त्यावर ती उलटी फिरवली की वारा थेट छातीवर. पंचेचाळीस अंशांचा, पण फुकट.