नोकरदार स्त्रीला आधार कसा द्यावा : खुर्चीवरून न उठता

बाई नोकरी करू लागली की तिला आधार द्यायला हवा, यावर आता कुणाचं दुमत नाही. वाद असलाच तर तो स्वस्तात कसा पडेल एवढाच. आमची शिफारस कौतुकाची. कौतुकाला सामान लागत नाही, सुट्टी काढावी लागत नाही आणि ते आडवं पडूनही करता येतं. नातेवाइकांसमोर 'ही आहे म्हणून घर चालतं' आणि ऑफिसात 'तारेवरची कसरत', या दोन वाक्यांवर वर्ष सहज निघतं. फक्त टाळ्या वाजवता वाजवता तार थोडी खाली घ्यायचा मोह होतो, तो आवरावा.

ही पद्धत लागू पडते, याला सरकारी पुरावा आहे. राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाच्या २०२४ च्या वेळ-वापर पाहणीनुसार बिनपगारी घरकामात बायकांची दिवसाला सरासरी २८९ मिनिटं जातात, पुरुषांची ८८. त्यातही ही सरासरी घरकामाला हात लावणाऱ्यांचीच, आणि असे पुरुष शंभरात जेमतेम २७. २०१९ मध्ये त्यांची ९७ मिनिटं जात होती. म्हणजे पाच वर्षांत नऊ मिनिटांची काटकसर झाली. बायकांचीही दहा वाचली, पण ती मिक्सरने वाचवली की कामवालीने, याच्या खोलात शिरू नये. 'मी करायला तयार आहे, तीच करू देत नाही' असा आक्षेप येतो. तो खरा ठरवणं सोपं आहे. ओट्याशी उभं राहून आधी 'हिंग कुठंय?' विचारावं, मग 'हा डबा की तो?', मग 'किती घालू?'. तिसऱ्या प्रश्नाला ती उठून येतेच.

'आमच्याकडे बाई आहे' हा त्याहून वजनदार युक्तिवाद. पण ती बाईही नोकरदारच, आणि तिचं तान्हं शेजारणीकडे किंवा थोरल्या मुलीच्या कडेवर असतं. २०१७ च्या कायदादुरुस्तीने मातृत्व रजा १२ आठवड्यांवरून २६ वर नेली, ५० किंवा जास्त कर्मचारी असतील तिथे पाळणाघर सक्तीचं केलं. आपल्या स्वयंपाकघरात कर्मचारी एक, त्यामुळे आपण सुटलो. कोपऱ्यावरचं कापडदुकानही सुटलं. बापाला मात्र खासगी नोकरीत कायद्याने एक दिवसही रजा नाही, तेव्हा पोर कुणाचं याचा निकाल आपसूक लागतो.

'समाज पाठीशी आहेच की' असं म्हणणाऱ्यांनी पश्चिम रेल्वेवर ५ मे १९९२ पासून धावणारी लेडीज स्पेशल बघावी. बसायला मिळालेली बाई मांडीवर पिशवी पसरून मटार सोलते, शेजारची न विचारता मूठभर शेंगा उचलते; सालं एका पिशवीत, दाणे दुसऱ्या. आधार आहे, यात शंका नाही. तो तितक्याच दमलेल्या बाईकडून येतो आणि घरच्या कुणाला त्याची तोशीस पडत नाही, ही या व्यवस्थेची खरी खुबी. एवढं वाचूनही कुणी पाळणाघर मागितलंच, तर तिचा जाहीर सत्कार करावा. वेळ संध्याकाळी सातची ठेवावी. शाल घरपोच पाठवता येते.