मुंबई-गोवा महामार्गाच्या अंतिम मुदतीस अनावृत पत्र

प्रति,
माननीय अंतिम मुदतबाई,
मुंबई-गोवा महामार्ग
(कायमचा पत्ता : पुढचं वर्ष)

विषय : जानेवारीत घरी परतणाऱ्या ज्येष्ठांबाबत.

सा. न. वि. वि.

आपली गाठभेट अजून व्हायची आहे, म्हणून आधी ओळख करून देते. मी निवृत्त शिक्षिका. आमचे हेही सरकारी नोकरीतून निवृत्त. आम्हा दोघांनाही ५८व्या वर्षी, महिन्याच्या शेवटच्या दिवशी, शाल-श्रीफळ देऊन घरी पाठवलं गेलं. ‘भूसंपादन रखडलं आहे, तेव्हा बाईंनी अजून दोन वर्षं सत्तावन्नच्याच राहावं’ असं कोणी म्हणालं नाही. मुदत म्हणजे काय चीज असते, हे आम्हाला असं अंगावर घेऊन माहीत आहे. म्हणून तुमच्याविषयी थोडी असूया वाटते, एवढंच.

नाताळच्या सुट्टीत मुलं-नातवंडं मालवणच्या घरी जमली होती. सुट्टी संपली, तसे सगळे मोपाला जाऊन विमानात बसले आणि आम्ही दुपारची आमटी फोडणीला टाकायच्या आत आपापल्या शहरात पोहोचल्याचे फोटो आले. लेक म्हणत होती, ‘आई, तुम्हीही विमानानेच जा ना.’ पण नारळ, कुळथाचं पीठ, आगळाच्या बाटल्या, खाजं आणि शेजारणीने आग्रहाने दिलेला सुरण विमानात कोण घेणार? शिवाय यांना गाडी चालवायची हौस. तेव्हा आम्ही पहाटे दव पुसून गाडी काढली आणि डोंबिवलीच्या दिशेने निघालो.

सिंधुदुर्गात तुमची निंदा करायला जागाच मिळाली नाही. कुडाळ, कणकवली, खारेपाटण; रस्ता असा की हे चक्क शीळ घालू लागले. मी मनातल्या मनात तुम्हाला हळदीकुंकवाचं बोलावणंही केलं होतं. पुढे रत्नागिरी जिल्हा लागला आणि शीळ थांबली.

संगमेश्वरच्या अलीकडे-पलीकडे तर काँक्रीटचा पट्टा संपून डांबर कुठे सुरू होतं आणि डांबर संपून नुसती माती कुठे सुरू होते, हे गाडी सांगत नाही, कंबर सांगते. जानेवारी म्हणजे आंब्याला मोहोर यायचे दिवस. रस्त्याकडेच्या कलमांवर मोहोर होता, पण लाल धुरळ्याने इतका माखलेला की हापूस आहे की विटा लागणार आहेत, कळेना. फलक मात्र जागोजागी. ‘काम चालू, रस्ता बंद.’ चालू काय आहे ते शोधायला मी चष्मा बदलून पाहिला. एक जेसीबी होता, त्याच्या सावलीत कुत्रं झोपलं होतं.

एक नाजूक गोष्ट. माझ्या वयाच्या बाईला हा रस्ता गावांच्या नावांनी लक्षात राहत नाही, पेट्रोलपंपांनी राहतो. कुठल्या पंपावरच्या स्वच्छतागृहाला कडी आहे, कुठे पाणी आहे, कुठे किल्ली मागावी लागते आणि किल्लीवाला जेवायला गेलेला असतो, हे सगळं मला तोंडपाठ आहे. त्यात वळणरस्ता काढला की नेमका कडीवाला पंप पलीकडच्या बाजूला राहतो. बीपीची गोळी पाण्याबरोबर घ्यायची असते, बाई. पाणी प्यायचं की नाही, हा हिशोब मी चिपळूण येईपर्यंत करत होते.

तुमच्या कामाला २०११ साली पनवेलच्या बाजूने सुरुवात झाली. तेव्हा आम्ही दोघंही नोकरीत होतो आणि यांच्या डोळ्यांत मोतीबिंदू नव्हता. याच कोकणात १९९० साली रेल्वेचं काम सुरू झालं आणि डोंगर पोखरत, नद्या ओलांडत १९९८ साली गाडी धावली. तुम्ही डिसेंबर २०२३ होता, मग डिसेंबर २०२४ झालात, मग पुढे सरकलात. वर्गात कुणी गृहपाठाच्या वहीवर अशा तारखा घातल्या असत्या, तर मी पालकांना बोलावलं असतं.

खरी तक्रार मात्र उशिराची नाहीच. तुमचं जे काही थोडंफार ठरतं, ते नेहमी ‘गणपतीपूर्वी’ ठरतं. गणपतीपूर्वी खड्डे बुजवू. गणपतीपूर्वी एक मार्गिका खुली करू. कशेडीचा बोगदाही २०२३ साली गणपतीच्या तोंडावरच एका बाजूने उघडला. चाकरमान्यांना टोल माफ, तोही गणपतीत. कोकण रेल्वेने मोटारी मालगाडीवर चढवून कोलाडहून वेर्ण्याला न्यायची सोय काढली, ती २०२५च्या गणपतीत. बाप्पाबद्दल माझं काही म्हणणं नाही. त्याच्यामुळे निदान डांबर तरी पडतं. पण जानेवारीत येणाऱ्या-जाणाऱ्यांना दैवत कुठलं? माघी गणपती असतो, पण त्याला तुमच्या खात्यात वजन दिसत नाही.

कशेडीबद्दल मात्र आभार मानते, उगाच खोटं बोलवत नाही. पाऊण तास वळणं घेत, आले-लिंबाच्या गोळ्या चघळत जायचो, तो घाट आता बोगद्यातून दहाएक मिनिटांत मागे पडला. गोळ्या तशाच राहिल्या.

पुढे महाडला सावित्रीवरून जाताना हे नेहमीप्रमाणे गप्प झाले. २ ऑगस्ट २०१६च्या रात्री इथला ब्रिटिशकालीन पूल पुरात वाहून गेला. त्याबरोबर दोन एसटी गेल्या, माणसं गेली. त्यानंतर नवा पूल १६५ दिवसांत बांधून झाला आणि पुढच्या जूनमध्ये वाहतुकीला खुला झाला. म्हणजे तुम्हाला पाळता येतं, बाई. तुमच्या घराण्यातली एक मुदत पाळली गेली आहे, आणि ती याच रस्त्यावर. तिच्यासाठी काय घडावं लागलं, ते तुम्हाला मी सांगायला नको.

माणगावला यायला संध्याकाळ झाली. बाजारातून गाड्यांची रांग मुंगीच्याही पुढे जाईना. समोरून येणाऱ्यांचे प्रखर दिवे यांच्या डोळ्यांत घुसत होते. ऑपरेशननंतर रात्री गाडी चालवायची नाही, असं डॉक्टरांनी सांगितलंय. म्हणूनच पहाटे निघालो होतो. मागचा पोरगा हॉर्न वाजवून वाजवून थकला आणि शेवटी खाली उतरून आमच्या खिडकीशी येऊन म्हणाला, ‘काका, पुढे काय आहे?’ हे म्हणाले, ‘इंदापूर.’

तेव्हा विनंती अशी. तुम्ही यायचं तेव्हा याच, आता आम्ही तारीख विचारत नाही. फक्त तोवर प्रत्येक वळणरस्त्यावर एक स्वच्छतागृह उभं करा, आतून कडी लागेल असं. त्याला भूसंपादन फारसं लागत नाही.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका, डोंबिवली

ता. क. : नागोठण्याच्या पुढे रस्त्याकडेला पोपटी लागली होती. वालाच्या शेंगा, अंडी आणि भांबुर्ड्याचा पाला भरलेलं मडकं, पाण्याचा थेंब न घालता उपडं ठेवून जाळात भाजलेलं. आम्ही तिथेच थांबून जेवलो. तुमचं उद्घाटन थंडीत ठेवणार असाल तर कळवा; थंडी सरली की पाला वाळतो, आणि पोपटीवाला कुणालाही मुदतवाढ देत नाही.