पेपर वाचतंय कोण?

‘हल्ली पेपर वाचतंय कोण?’ असं भाऊ चारचौघांत म्हणतात. भाऊ कोण ते विचारू नका, तुमच्याही तालुक्यात एक आहेत. वाढदिवसाला मात्र त्यांना जिल्ह्याच्या पेपराचं अख्खं पान लागतं, तेही रंगीत.

मधोमध गॉगल लावून भाऊ, वर साहेब, त्यांच्या वर मोठे साहेब आणि तळाशी शुभेच्छुकांचे टिकलीएवढे फोटो. त्या सकाळी भाऊंना शुभेच्छांचे जेवढे फोन येत नसतील, तेवढे तक्रारींचे वार्ताहराला येतात. तो दुसऱ्या ओळीत, मग मी तिसऱ्या का? माझा फेटा कुणी कापला? नावामागे ‘माजी’ कशाला, ‘भावी’ लिहायला काय झालं होतं? एकाच्या फोटोखाली दुसऱ्याचं नाव पडलं, तर दोघंही पेपराची होळी करायला निघाले. त्यासाठी अंक विकत घ्यावे लागले, एवढाच काय तो फायदा. कोणीच वाचत नाही तो पेपर सकाळी आठच्या आत तालुक्याने असा भिंग लावून वाचलेला असतो.

जाहिरातीचं बिल गेलं की भाऊंचं पुन्हा ‘पेपर वाचतंय कोण?’ पत्रकार दिन मात्र ते चुकवत नाहीत. 1832 साली 6 जानेवारीला ‘दर्पण’ हे वृत्तपत्र निघालं, म्हणून त्या दिवशी पत्रकार दिन. भाऊ वार्ताहराला शाल-श्रीफळ देतात, थकलेलं बिल सोडून सगळं देतात. तालुक्याच्या वार्ताहराला पगार कुठला? जाहिरातीचं कमिशन हीच कमाई, आणि वसुलीही त्यानेच करायची. ज्याच्याकडे आपलेच पैसे अडकलेत, त्याने बांधलेला बंधारा पहिल्या पावसात फुटल्याची बातमी वार्ताहराने कोणत्या तोंडाने द्यायची? दिली तर बिल बुडालं, नाही दिली तर गाव बुडालं. आणि वर आम्ही ‘पत्रकार विकले गेले’ म्हणायला मोकळे! अहो, विकत घेणारा निदान पैसे तरी मोजतो.

भाऊंच्या वाढदिवसाच्या त्याच अंकात आतल्या पानावर मुंगीएवढ्या अक्षरांत एक सरकारी अधिसूचना असते. 2013 च्या भूसंपादन कायद्याप्रमाणे ती त्या भागात खपणाऱ्या दोन दैनिकांत छापावी लागते, त्यातलं एक प्रादेशिक भाषेतलं. तिथे ना साहेब, ना गॉगल, नुसते गट नंबर. उद्या पेपर आला की भाऊंचं पान उलटा आणि त्यात आपला नंबर शोधा. हरकत घ्यायला 60 दिवस असतात.